मेजर निवळकरांचा पहिला कागद

मेजर निवळकरांची शोकसभा रविवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या हॉलमध्ये झाली. हजर बावीस. संस्थेचे तिघे, आजी-माजी शिक्षक आठ, माजी विद्यार्थी नऊ, मेजरांच्या पत्नी आणि मी. हाराचे दीडशे आणि चहाचे दोनशे साठ रुपये संस्थेने दिले. मेजर तेरा वर्षं मुख्याध्यापक होते. माझ्याकडच्या जनरल रजिस्टरप्रमाणे तेवढ्या काळात अकराशे आठ मुलं शाळेतून बाहेर पडली. त्यांतली नऊ आली. परगावची मुलं सोडा, तरी रत्नागिरीतच निदान तीनशे असतील.

नवांपैकी एक जण बोलायला उभा राहिला. महेश त्याचं नाव, आता बाजारपेठेत मोबाइलचं दुकान आहे. "मेजरांनी मला ब... ब... बोलायला शिकवलं," असं तो म्हणाला आणि खाली बसला. कोणी हसलं नाही. तेही मेजरांनीच शिकवलं होतं.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठीक होता. मी त्या शाळेत सव्वीस वर्षं लिपिक आहे. जे बोलायला हवं होतं ते पाच मिनिटांत बसणारं नव्हतं, आणि त्यांच्या पत्नीसमोर बोलण्यासारखं तर मुळीच नव्हतं. म्हणून लिहितो आहे.

मेजर मूळचे इथलेच, रत्नागिरीपासून तासाभरावरच्या गावचे. लष्करात गेले, पण बंदूक चालवणाऱ्यांत ते शेवटपर्यंत नव्हते. ते जनसंपर्क अधिकारी होते. सीमेवर युद्ध झालं तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी एका तंबूत बसून ते रोज वार्ताहरांना माहिती देत. किती चौक्या घेतल्या, किती जवान पडले, कोण कुठल्या गावचा. एका जवानाला चाळीस शब्द. नाव, गाव, वय, कुठे पडला, मागे कोण आहे. चाळीसाच्या वर गेलं की वर्तमानपत्रवाले आपल्या मनाने कापतात आणि नेमकं गावाचं नाव कापतात, असं ते म्हणत. युद्धानंतर तीन वर्षांनी ते निवृत्ती घेऊन आले, बी.एड. केलं आणि आमच्या संस्थेने त्यांना मुख्याध्यापक नेमलं. संस्थेला फौजी शिस्त हवी होती. शिस्त मिळाली.

पहिल्या दिवशी ते फलकासमोर उभे राहिले. त्यावर माझ्या अक्षरात सूचना होती: ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की उद्या शाळेस सुट्टी राहील याची कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.’ त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, काचेचं दार उघडलं आणि बारा शब्द कापले. राहिलं ‘उद्या सुट्टी’. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साळवी, बारा शब्द कोणासाठी लिहिलेत?"

मी म्हटलं, "सर, पद्धत आहे तशी."

"पद्धतीला वाचता येतं?"

अंगाने किडकिडीत, शर्टाला कडक इस्त्री, पावसातसुद्धा काळे बूट. बोलता बोलता डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे. समोरचा काय बोलतो यापेक्षा किती शब्दांत बोलतो हे ते मोजत. हे कळल्यावर शिक्षकांची बोबडी वळू लागली. आमचा शिपाई गणपत तेवढा बधला नाही. "मेजर, माझं काय ता एकदम मोजा नि महिन्याच्या शेवटाक सांगा," असं तो तोंडावर म्हणे, आणि मेजर त्याला काही बोलत नसत.

बंदरावर मासे घ्यायला जात तेव्हाची एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली. मासेवालीला त्यांनी विचारलं, "बांगडा कधीचा?"

"ताजा फडफडीत हाय सायेब!"

"कधीचा विचारलं. कसा ते नाही विचारलं."

तिने कमरेवर हात ठेवले. "आता काय बांगड्याचा जन्मदाखला आणून दाखवू? ह्या माणसाची बायको ह्याला काय रांधून घालते नि कशी, देव जाणे."

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. मासेवालीचं हे बोलणं मी त्यांना सांगितलं तर त्या हसल्या. "भाऊसाहेब, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एकदाच ‘छान’ म्हणाले. ते पण शेजारच्या आमटीला."

त्यांनी शाळेत आणलेली मोठी गोष्ट म्हणजे निवेदन. सकाळी प्रार्थनेनंतर रोज एक जण सगळ्या शाळेसमोर उभा राहून आदल्या दिवशीची आपली चूक वाचून दाखवी. स्वतःबद्दल, पण ‘मी’ न म्हणता. बातमीत असतं तसं. कोण, काय, कुठे, केव्हा. ‘का’ चालत नसे. ‘काल मधल्या सुट्टीत सातवी ब मधील अमुक याने तमुकचा डबा उघडून दोन घावणे खाल्ले.’ मेजर लाल पेन घेऊन बाजूला उभे. वाचून झालं की दहापैकी गुण देत. चुकीचे नव्हे, निवेदनाचे.

आठवीतला एक मुलगा उशिरा आला होता. त्याने लिहिलं, ‘वडिलांनी रात्री दारू पिऊन मारल्यामुळे उशीर झाला.’ मेजरांनी अर्धं वाक्य कापलं. "कारण वगळ. कारण म्हणजे बचाव. तू किती वाजता आलास?" त्या मुलाचा कान सुजून लाल झाला होता. तो सगळ्यांना दिसत होता. मुलाने उरलेलं वाचलं: ‘आठवीतील विद्यार्थी सात वाजून पस्तीस मिनिटांनी आला.’ मेजर म्हणाले, "सात गुण."

महेशची पाळी आली तेव्हा त्याला एक वाक्य वाचायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं. मेजर अकराही मिनिटं सावधानमध्ये उभे होते. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, तेव्हा त्यांनी मान न वळवता त्याचं नाव घेतलं, आवाजावरून ओळखलं. पुढची आठ मिनिटं पानसुद्धा हललं नाही. महेश रडत रडत वाचत होता. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन मेजरांना नाही नाही ते सुनावलं. मेजर म्हणाले, "त्याने वाक्य पूर्ण केलं. तुम्ही घरी त्याला करू देता का?" हे दोन्ही खरं आहे: तो मुलगा त्या दिवशी उन्हात छळला गेला, आणि त्याला कोणी मध्येच तोडलं नाही असा त्याच्या आयुष्यातला तो पहिला दिवस असावा.

मेजर लष्करातल्या गोष्टी सांगत नसत. एकच सांगितली, एका पावसाळ्यात, कार्यालयात मी आणि ते दोघेच असताना. तंबूत असताना एका रात्री त्यांनी एका जवानाच्या मृत्यूची बातमी दिली. सकाळी कळलं की त्या पलटणीत त्याच नावाचे दोघे होते आणि मेला होता तो दुसरा. त्यांनी दुसरं निवेदन काढलं. पहिल्या घरी तोवर चुडे फुटले होते. मुलगा जिवंत आहे हे कळल्यावर त्या घरच्यांनी विश्वास ठेवला नाही, प्रत्यक्ष तो सुट्टीवर येईपर्यंत. दुसऱ्या घरी मेजर स्वतः फोनवर बोलले. बाप म्हणाला, "काल दुसऱ्याचं नाव सांगितलंत. आज माझ्याचं. उद्या परत बदला ना साहेब."

"तेव्हापासून ठरवलं," मेजर म्हणाले. "दुसरा कागद काढायचा नाही. पहिला गेला की गेला."

मला त्या वेळी वाटलं होतं, ते म्हणतील की तेव्हापासून पहिला कागद नीट तपासायचं ठरवलं. तसं ते म्हणाले नाहीत. पाऊस लागला होता.

रूपाली जाधव आमच्याकडे आठवीला आली. बौद्धवाडीतली, आई मजुरीवर, वडील मुंबईला गेले ते तिकडेच राहिले. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. निवेदनात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या कागदावर मेजरांचं लाल पेन टेकायला जागा सापडत नसे. नववीत तिला त्यांनी स्वतःचा शब्दकोश दिला, त्यांच्या सहीचा. असं त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केलेलं मला माहीत नाही. एकदा ते मला म्हणाले, "साळवी, ही मुलगी वार्ताहर होईल. किंवा तलाठी. दोन्हीकडे उपयोगी पडेल."

दहावीचे परीक्षा अर्ज त्या वर्षी नोव्हेंबरात भरले. तेव्हा ते कागदावर भरून बोर्डाकडे पाठवायचे असत. मुलं एकसष्ट. मी वीस-वीसचे गठ्ठे बांधत असे. रूपालीने अर्ज आणि परीक्षा शुल्क माझ्या हातात दिलं तेव्हा तिच्या अर्जावरचा फोटो सुटला होता. मी डिंक लावला आणि वाळायला म्हणून तो उघड्या डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे बाकं-कपाटांच्या नोंदवहीवर, ठेवला. मग कोणीतरी बाकांची संख्या विचारायला आलं. नंतर मी गठ्ठे मोजले. वीस, वीस, वीस. पत्रावर साठ लिहिलं. बोर्डाकडून तपासायला आलेल्या यादीत साठ होते. साठाला साठ जुळले, मी सही केली. रोकड एका अर्जाच्या शुल्काएवढी जास्त भरली, ती ‘किरकोळ जमा’ला टाकली. रोकड जुळली की लिपिक पुढे विचार करत नाही.

फेब्रुवारीत, एका सोमवारी हॉलतिकिटं आली. साठ. रूपाली कार्यालयाच्या दारात उभी. मेजरांनी मला विचारलं. मी यादी काढली, मोजली आणि सांगितलं, "सर, तिचा अर्ज आलेलाच नाही. माझ्याकडे पहिल्यापासून साठ आहेत." मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

मंगळवारी मेजरांनी बोर्डाशी फोनवर बोलून पत्र लिहिलं. ‘संबंधित विद्यार्थिनीने अर्ज सादर केला नाही.’ सहा शब्द. त्याच दुपारी ते टपालात पडलं. शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, "त्यांच्यात वेळेचं भान नसतंच हो." कोणी त्यांना अडवलं नाही. मीही नाही.

बुधवारी सकाळी वेगळ्याच कामासाठी मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. अर्ज पानाला चिकटला होता. मी तो पट्टीने सोडवला आणि तसाच मेजरांच्या खोलीत गेलो. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. घड्याळाकडे पाहिलं.

"कोणी पाहिला?"

"मी एकट्यानं सर."

"साळवी, पत्र गेलं आहे आणि मुदत संपली आहे. हा आता अर्ज नाही, नुसता कागद आहे." त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. "तुम्हाला मुलं किती?"

"दोन. धाकटी सहा महिन्यांची."

"मग कामाला लागा."

मी कामाला लागलो. इतकी वर्षं होऊनही त्या वेळी मी अजून कायम झालो नव्हतो. मुदत संपलीच आहे तर आता बोलून मुलीला काय मिळणार, फक्त माझी नोकरी जाईल, असा हिशोब मी केला. मला तो हिशोब बरोबर वाटला. मी तो पुढे अनेकदा तपासला आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं.

गुरुवारी मेजरांनी रूपालीला निवेदनाला उभं केलं. अर्ज न भरल्याची चूक तिने शाळेसमोर वाचायची. ती कागद घेऊन पुढे आली आणि वाचू लागली:

"दहावी अ मधील रूपाली जाधव हिने बारा नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता अर्ज आणि शुल्क कार्यालयात दिले. अर्जावरील फोटो सुटला होता. भाऊसाहेबांनी त्याला डिंक लावला."

मी कार्यालयाच्या पायरीवर उभा होतो. गणपत माझ्या शेजारी होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग लगेच घंटेकडे पाहिलं.

मेजरांचा अंगठा पेरांवरून फिरत होता. मग ते म्हणाले, "उत्तम. एक विशेषण नाही. दहापैकी नऊ." नऊ त्यांनी तोवर कोणालाही दिले नव्हते.

"एक कुठे गेला सर?" रूपालीने विचारलं.

"साक्षीदार नाही."

तिने पायरीकडे पाहिलं. सगळ्या शाळेने पाहिलं असं मला वाटलं, पण तसं नसेल. मी चष्मा काढून पुसला. मेजर म्हणाले, "वर्गात जा." मुलं रांगेने वर्गात गेली.

दुपारी तिची आई आली. मजुरीवरून तशीच आलेली, पदराला माती. ती मेजरांशी बोललीच नाही. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"भाऊसाहेब, तुमी सांगा. मी हिच्या हातात पैसे मोजून दिलेले. हिनं आणून दिलेले काय तुमच्याकडं?"

मी तोंड उघडायच्या आत मेजर आपल्या दारातून म्हणाले, "बाई, नोंदवहीत नाही."

"मी भाऊसाहेबांना इचारते."

मी म्हटलं, "नोंदवहीत नाही."

बाईने मागे वळून व्हरांड्यात उभ्या असलेल्या रूपालीच्या थोबाडीत मारली. एक. मग दुसरी. "पैसे कशावर उडवलंस, सांग! माझ्या घामाचं पैसं!" रूपाली रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी दिलेले." तिसऱ्या वेळी गणपत मध्ये पडला, "अगो बाय, पोरीस जीवानिशी मारशील काय!" मेजर दारात उभे होते. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार लावून घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. एरवी ते उघडं असे.

ते वर्ष रूपालीने लांज्याला मामाकडे राहून काजूच्या कारखान्यात काढलं. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी सोलते. दुसऱ्या वर्षी तिने बाहेरून परीक्षा दिली आणि शहाऐंशी टक्के मिळवले. शब्दकोश तिने गणपतच्या हाती परत पाठवला. मेजरांनी तो कपाटात ठेवला आणि विचारलं, "काही निरोप?" गणपत म्हणाला, "नाय." मेजर म्हणाले, "बरं."

त्यानंतर मेजर आणखी नऊ वर्षं मुख्याध्यापक होते. निवेदन चालू राहिलं. मी कायम झालो. आमच्यात त्या अर्जाबद्दल एक शब्दही झाला नाही. दरवर्षी दहावीचे अर्ज मात्र ते स्वतः माझ्या शेजारी बसून मोजत. दोनदा.

निवृत्तीनंतर ते घरीच असत. मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली, पण डोकं साफ होतं. वहिनी म्हणायच्या, "आता खरोखरच शब्द मोजून वापरायला लागतात. बघा, नवस फेडल्यासारखं झालं." त्या हे हसून सांगत आणि चमच्याने त्यांना पेज भरवत.

गेल्या दिवाळीत मी लांज्याला भाच्याच्या कामासाठी एका पतपेढीत गेलो. काउंटरच्या मागे रूपाली होती. ती तिथे वसुली अधिकारी आहे. मला तिने ओळखलं आणि बसायला खुर्ची दिली. माझी मुलं काय करतात ते विचारलं. मी तिच्या आईची चौकशी केली.

"गेली. श्रावणात." तिने भाच्याची पासबुकं शिक्के मारून पुढे केली. "शेवटचे आठ दिवस माणसं ओळखत नव्हती. मला मात्र ओळखायची. म्हणायची, ते पैसे कशावर उडवलेस तेवढं सांग, मी रागावणार नाही."

मी घरी येऊन दोन दिवसांनी निवेदन लिहिलं. आणि लिहून झाल्यावर, तेरा वर्षांची सवय म्हणा, मेजरांकडून तपासून घ्यायला गेलो. त्यांना दाखवल्याशिवाय ते देऊ नये असंही वाटत होतं.

ते खिडकीशी खुर्चीत होते. मी कागद त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. त्यावर होतं: ‘दहावीच्या परीक्षेचा अर्ज रूपाली जाधव हिने वेळेत कार्यालयात दिला होता. तो माझ्या निष्काळजीपणामुळे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये राहिला. हॉलतिकिटे आल्यानंतर तो मला सापडला. मी तो मुख्याध्यापकांना दाखवला. परंतु दुर्दैवाने तोपर्यंत मुदत संपली होती.’

मेजरांनी बराच वेळ वाचलं. मग डावा हात पुढे केला. वहिनींनी लाल पेन दिलं. डाव्या हाताने त्यांना लिहायची सवय नव्हती. एकेक रेघ ओढायला वेळ लागत होता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ कापलं आणि वर लिहिलं ‘मी’. ‘राहिला’ कापून ‘विसरलो’. वाक्य नीट झालं. ‘हॉलतिकिटे आल्यानंतर’ कापलं, त्या जागी लिहिलं ‘बुधवारी’. पुढच्या वाक्यात ‘दाखवला’च्या आधी ‘साडेदहाला’ घातलं. शेवटच्या वाक्यातलं ‘परंतु दुर्दैवाने’ कापलं. मग ‘तोपर्यंत’. मग ‘संपली’. उरलं ‘मुदत होती’. मधल्या जागेत त्यांनी एकच शब्द लिहिला. अक्षर वेडंवाकडं होतं, म्हणून मी कागद उजेडात धरून वाचला. ‘शुक्रवारपर्यंत.’

मी म्हटलं, "सर, शुक्रवारपर्यंत?"

"बोर्डाने... फोनवर सांगितलं होतं. मंगळवारी. शाळेने चूक कबूल केली... तर."

"म्हणजे आपल्याकडे दोन दिवस होते."

"अडीच."

वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "चहा टाकू का भाऊसाहेब?" मी नको म्हटलं. चौदा वर्षं मी केलेला हिशोब कागदावर पडला होता, आणि त्यातली मुख्य संख्याच चुकीची होती. ती मला मेजरांनी चुकीची सांगितली होती. ती खरी आहे का हे बोर्डाला एक फोन करून मी विचारू शकलो असतो. मी विचारलं नव्हतं.

"मला तेव्हा का सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही... बोलला असतात."

मी स्वच्छ प्रत काढली, तिच्यावर सही केली आणि पुढच्या रविवारी लांज्याला रूपालीच्या घरी जाऊन दिली. ती ओटीवर उभी राहूनच वाचत होती. दुरुस्त केलेला कागदही मी सोबत नेला होता. तिने तोही मागून घेतला. लाल अक्षर बघून म्हणाली, "हात गेला वाटतं त्यांचा." मी होय म्हटलं. ‘शुक्रवारपर्यंत’वर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला. मग तीन शब्द बोलली आणि आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. दोन्ही कागद तिच्याकडेच राहिले.

संध्याकाळी परत येताना मी मेजरांकडे थांबलो. मला थांबायचं नव्हतं, पण वहिनींनी सकाळी फोन करून कधी येणार ते विचारलं होतं. मेजरांनी चार वेळा माझी चौकशी केली होती म्हणे. ते बिछान्यावर होते, उशाला तिरकी उशी लावलेली. मी दारातच उभा राहिलो.

"दिलं?"

"दिलं."

"काय म्हणाली?"

मी सांगितलं, "म्हणाली, आई गेल्यावर आणलंत."

मेजरांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना झोप लागली. वहिनींनी पांघरूण सारखं केलं. मग मेजरांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाले, "तीन. कापण्यासारखं... काही नाही."

मी निघालो. फाटकाला कडी घालताना खिडकीतून आतलं दिसलं. वहिनी दिवा लावत होत्या. मेजरांचा डावा हात पांघरुणावर होता, आणि अंगठा पेरांवरून जात होता: एक, दोन, तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून.